रमाबाई रानडे : लेकीला नर्सिंगला पाठवताना आठवावी अशी बाई



बारावीचा निकाल लागला की आमच्या वडूजमध्ये एसटी स्टँडवर, बाजारात, शाळेच्या फाटकाशी एकच विषय चालतो. पोरीला पुढं काय करायचं? डॉक्टरकीचे गुण नसतात, इंजिनीअरिंगचा खर्च झेपत नाही. मग कुणीतरी सुचवतं, नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागते. दुसऱ्याच दिवशी वडील हातात एक रंगीत माहितीपत्रक घेऊन शाळेत येतात आणि विचारतात, मॅडम, हे कॉलेज कसं आहे?

काही वर्षांपूर्वी एका वडिलांनी मला असंच विचारलं होतं. मुलगी हुशार, मनानं खंबीर. माहितीपत्रकावर पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींचे फोटो होते, शंभर टक्के नोकरीची हमी होती आणि अभ्यासक्रम फक्त एका वर्षाचा होता. मी ते वरवर चाळलं आणि म्हणाले, चांगलं आहे, जाऊ द्या. वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं, एका खासगी दवाखान्यात कामही मिळालं. पुढं सरकारी भरतीची जाहिरात आली तेव्हा अर्जात परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला होता. तो तिच्याकडं नव्हता आणि मिळणारही नव्हता, कारण तिनं केलेला अभ्यासक्रम नोंदणीला पात्रच नव्हता. घरच्यांनी भरलेले पैसे गेले, मुलीचं वर्ष गेलं. माझं काय गेलं? काहीच नाही. हीच गोष्ट मला अजून टोचते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. नर्सिंगच्या मान्यतेचा विषय नीट समजून घेतला. आणि आपल्या भागात जन्मलेल्या एका बाईचं चरित्र पुन्हा वाचलं, कारण मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा प्रश्न या बाईनं शंभर वर्षांपूर्वी हातात घेतला होता. त्या म्हणजे रमाबाई रानडे. आजच्या पाठात आधी त्यांचं आयुष्य पाहू आणि मग त्यातून आपल्या मुलींसाठी काय घ्यायचं ते पाहू.

देवराष्ट्रेची यमुना

वडूजहून मायणीमार्गे विट्याकडं गेलात आणि तिथून पुढं कडेगाव तालुक्यात उतरलात की सागरेश्वरच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे हे गाव लागतं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून मुलांना ते माहीत असतं. त्यांच्या जन्माच्या पन्नास वर्षं आधी, 1862 साली, याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव यमुना. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, हा सगळा मुलूख साताऱ्यातच होता. त्यामुळं साताऱ्याची लेक आणि सांगलीची लेक, दोन्ही म्हणायला हरकत नाही.

त्या काळी मुलीला अक्षर शिकवणं म्हणजे संकट ओढवून घेणं, असा समज होता. शिकलेली मुलगी विधवा होते, असं लोक खरोखर मानत. यमुनाही लिहायला-वाचायला न शिकताच मोठी झाली. मोठी म्हणजे तरी किती? 1873 साली तिचं लग्न झालं तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती.

नवरा होता महादेव गोविंद रानडे. वय एकतीस-बत्तीस, मोठा विद्वान, पुण्यात न्यायाधीश. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं स्वतः विधवेशी लग्न करावं, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना तेच नको होतं. त्यांनी घाईनं हे लग्न ठरवलं आणि रानड्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. सुधारक म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती चुकीची होती असंही म्हणता येत नाही.

पण त्यांनी पुढं जे केलं तेही मुलांना सांगायला हवं. लग्न होऊन यमुना पुण्यात आली आणि रमा झाली. आपल्या पत्नीला एकही अक्षर येत नाही हे कळल्यावर रानड्यांनी लगेच पाटी आणली. मुळाक्षरांपासून सुरुवात झाली.

माजघरातली शाळा

सुरुवातीला रानडे स्वतः रात्री शिकवत. मग मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई घरी येऊन शिकवू लागल्या. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घरात सासू, नणंद, नात्यातल्या बऱ्याच बायका. सगळा कारभार माजघरातून चालायचा. त्यात एक बारा-तेरा वर्षांची सून पुस्तक घेऊन बसते, हे कुणाला रुचणार? टोमणे, अबोला, मुद्दाम जास्त काम सांगणं हे रोजचंच झालं. नवऱ्यापुढं कुणी काही बोलत नसे. तो कचेरीत गेला की सगळा राग सुनेवर निघे.

इंग्रजी सुरू झाल्यावर तर विरोध आणखी वाढला. मिस हरफर्ड या बाई शिकवायला येत. परधर्माच्या बाईजवळ बसलं म्हणजे विटाळ झाला, असं घरातल्या बायका मानत. अशा वातावरणात रमाबाई शिकत राहिल्या. उलट उत्तर करायचं नाही, नवऱ्याकडं चुगली करायची नाही आणि शिकणंही सोडायचं नाही, असा तिहेरी नेम त्यांनी पाळला.

शिक्षकांनी इथं थोडं थांबावं. वर्गातली एखादी मुलगी गप्प असते म्हणजे तिला घरून त्रास नाही, असं आपण धरून चालतो. रमाबाईंच्या आयुष्यातली ही वर्षं वाचली की असं धरून चालणं किती चुकीचं आहे ते कळतं.

1878 साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. तिथं एका शाळेच्या समारंभात रमाबाई पाहुण्या म्हणून गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. पण थरथरत का होईना, उभं राहून ते म्हणायचं धैर्य बाईंचंच होतं. पुढं पुण्यात 1882 साली पंडिता रमाबाई आल्या, आर्य महिला समाज निघाला, तेव्हा रमाबाई रानडे तिथंही जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवं ही मागणी गव्हर्नरसमोर मांडण्यासाठी सभा भरली, तेव्हा इंग्रजीतलं निवेदन त्यांनी वाचलं. त्या दिवशी घरी परतल्यावर काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. पण 1884 साली पुण्यात ते हायस्कूल सुरू झालं. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो.

रानड्यांच्या कामासाठी कलकत्त्याला राहावं लागलं तेव्हा त्या बंगाली शिकल्या. रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाल्यावर मुंबईत त्यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबच्या कामात स्वतःला गुंतवून घेतलं. बायकांसाठी भाषा, शिवणकाम, सभेत बोलणं असे वर्ग तिथं चालत. पाटीवर अ आ इ गिरवणारी मुलगी आता दुसऱ्या बायकांना शिकतं करत होती.

एकटेपण आणि पुन्हा उभं राहणं

न्यायमूर्तींची प्रकृती शेवटच्या काळात फार बिघडली. छातीत कळा येत, रात्र रात्र झोप लागत नसे. रमाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. औषधाच्या वेळा पाळणं, पाय चोळणं, उशाशी बसून राहणं असं सगळं त्यांनी केलं. आजाऱ्याजवळ जागणं म्हणजे काय ते त्यांनी पुस्तकातून नाही, अनुभवातून शिकलं.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. पोटी मूल नव्हतं. त्या पुण्याला परत आल्या आणि जवळजवळ वर्षभर लोकांपासून दूर राहिल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं पुढचं आयुष्य त्यांनी देवघरात घालवलं असतं तर कुणीही नावं ठेवली नसती, उलट वाखाणलंच असतं.

पण त्या बाहेर पडल्या, आणि कुठं गेल्या ते बघा. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांकडं गेल्या. सुधारगृहातल्या मुलांकडं सणाला गोडधोड घेऊन गेल्या. रुग्णालयात फळं, फुलं, पुस्तकं घेऊन आजाऱ्यांना भेटू लागल्या. या भेटींमध्ये त्यांना एक गोष्ट रोज दिसत असणार. आजारी बायका आहेत, पण त्यांच्याजवळ बसणारी, त्यांची भाषा बोलणारी शिकलेली बाई नाही. आणि दुसरीकडं घराघरात तरुण विधवा बसून आहेत. हाताला काम नाही, मान नाही, जेवणसुद्धा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर.

सेवासदन

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोन सुधारक अशाच विचारात होते. बायकांसाठी एक आश्रयाचं ठिकाण असावं आणि हिंदी बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळावं, ही त्यांची कल्पना होती. हे काम पुरुषांच्या नावानं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते रमाबाईंकडं आले. 1908 साली मुंबईत सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी, 1909 साली, पुण्यात सेवासदन निघालं. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते त्यांच्या जोडीला होते. जागेचा प्रश्न आला तेव्हा रमाबाईंनी आपल्या वाड्यातच वर्ग भरवले.

शिवण, लिहिणं-वाचणं, शिक्षिकेचा अभ्यास, एवढ्यावर लोक फारसे बोलत नसत. पण परिचारिकेचं शिक्षण म्हटलं की कपाळाला आठ्या पडत. कारणं समजून घ्या, कारण त्यांतली काही आजही आपल्या गावात जिवंत आहेत. परक्या माणसाला, त्यातही परक्या पुरुषाला हात लावायचा. कुठल्याही जातीच्या रुग्णाचं मलमूत्र काढायचं. रात्रपाळी करायची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातल्या बाईनं हे करणं म्हणजे बाटणंच. त्या काळी रुग्णालयांतल्या बहुतेक परिचारिका युरोपियन किंवा ख्रिस्ती असत. अपवाद होते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये शिकलेल्या काशीबाई गणपत यांचं नाव 1891 सालापासून नर्सिंगच्या इतिहासात येतं. पण अपवादानं रीत पडत नाही.

रमाबाईंनी रीत कशी पाडली? माझ्या मते या चरित्राचा गाभा इथंच आहे. त्यांनी आईबापांना नुसता उपदेश केला नाही. त्यांच्या मनातल्या भीतीला एकेक करून उत्तर उभं केलं.

भीती पहिली, मुलगी राहणार कुठं? त्यासाठी वसतिगृह आलं. 1915 साली पुणे सेवासदनाची संस्था म्हणून नोंदणी झाली आणि कामाचा व्याप वाढत गेला. तिथं वसतिगृहं झाली. त्यांतलं एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी होतं आणि एक खास शिकाऊ परिचारिकांसाठी.

भीती दुसरी, ती खरंच काही शिकणार की नुसती दाईगिरी करणार? त्यासाठी खरं रुग्णालय हवं. पुण्यात ससून रुग्णालय होतं, 1867 पासून चालू असलेलं. सेवासदनाच्या बायका तिथं शिकायला जाऊ लागल्या. खाटांवर खरे रुग्ण, शिकवायला जाणकार माणसं आणि शेवटी परीक्षा.

भीती तिसरी, लोक काय म्हणतील? त्याचं उत्तर रमाबाई स्वतः होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली आपली मुलगी आहे, एवढं म्हटलं की बापाची मान खाली जात नसे. विधवा सुनेला पाठवणाऱ्या सासऱ्यालाही आधार वाटे. बाईंनी आपली सगळी प्रतिष्ठा त्या मुलींच्या मागं उभी केली.

आणि भीती चौथी, शिकून पुढं काय? शिकलेली बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहिली की हा प्रश्न आपोआप मिटे.

शेवटची वर्षं

रमाबाईंचं काम एवढ्यावर थांबलं नाही. 1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. 1910 साली त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ज्या मुलीला अकराव्या वर्षापर्यंत एक अक्षर येत नव्हतं, तिनं हे पुस्तक लिहिलं, हे वर्गात जरूर सांगा. 1913 साली गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या मदतीच्या कामाला तिकडं गेल्या. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यायचं की मुलींनाही, असा वाद 1920 च्या सुमारास पेटला, तेव्हा मुलींच्या बाजूनं त्या रस्त्यावर उतरल्या. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या पुढं होत्या.

मला मात्र त्यांचं एक चित्र सगळ्यात जास्त आवडतं. उतारवयातही आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात आणि गर्दीतल्या वारकरी बायकांना मदत करत. सेवा म्हणजे काय हे आपल्या लोकांना आळंदीच्या वाटेवर जितकं कळतं तितकं सभागृहात कळत नाही. परक्याच्या दुखऱ्या पायाला हात लावणं वारीत पुण्य ठरतं. मग तेच काम रुग्णालयात हलकं कसं? बाईंनी हा प्रश्न भाषणात विचारला की नाही ते बाजूला ठेवा, वागण्यातून तो नक्कीच विचारला.

1924 साली रमाबाई गेल्या. तोवर पुणे सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजाराच्या घरात पोचली होती. 1962 साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आता आपल्या मुलींचं पाहू

रमाबाईंच्या हयातीत आपल्याकडं परिचारिकांची नोंदणी करणारा कायदाच नव्हता. शिक्षण खरं की खोटं हे ओळखायला लोकांजवळ एकच खूण होती, ती म्हणजे बाईंचं नाव. आज तसं नाही. 1947 च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद झाली. राज्यासाठी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 आहे आणि त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करते. तेव्हा बाईंच्या नावावर ठेवलेला विश्वास आता या नोंदवहीवर ठेवायचा आहे. गंमत अशी की आपण अजूनही नावावर, इमारतीवर आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दावर भुलतो. मीही भुलले होते. म्हणून बाईंच्या त्याच चार उत्तरांचे आज चार प्रश्न करू या.

पहिला प्रश्न, अभ्यासक्रम कोणता? नोंदणी मिळवून देणारे मुख्य अभ्यासक्रम तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्ही बारावीनंतर. एएनएम आणि जीएनएम कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला करता येतो. बी.एस्सी.साठी मात्र विज्ञान शाखा, त्यातही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा, नर्सिंग हा शब्द नावात असलेला कोर्स कुणी दाखवला तर एकच विचारा, हा पूर्ण केल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी मागा. मदतनीस म्हणून काम करायला असे कोर्स चालतील, पण परिचारिका म्हणून नोंदणी होणार नाही.

दुसरा प्रश्न, मान्यता कुणाची? इथं तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव आहे का? आणि परीक्षा कोण घेणार? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बी.एस्सी.चं कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतं किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाचा भाग असतं. याद्या दरवर्षी बदलतात. म्हणून शेजारच्या मुलीनं तीन वर्षांपूर्वी तिथं प्रवेश घेतला होता, हा पुरावा नाही. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीची यादी, त्याच अभ्यासक्रमाचं नाव आणि मंजूर जागांची संख्या, हे सगळं जुळलं पाहिजे. जीएनएमला मान्यता आहे म्हणून त्याच इमारतीतल्या बी.एस्सी.ला असेलच असं नाही. 2023 साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आयोगाचा नवा कायदा केला आहे, त्यामुळं राष्ट्रीय पातळीवरची यादी पुढं नव्या नावाखाली दिसेल हेही लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न, रुग्णालय कुठं आहे? नर्सिंगचं निम्मं शिक्षण वर्गात होतं आणि निम्मं खाटेजवळ. जीएनएम आणि बी.एस्सी.च्या संस्थेमागं निदान शंभर खाटांचं रुग्णालय असावं असा दंडक आहे. माहितीपत्रकात रुग्णालयाचा फोटो असतोच. तुम्ही एसटीनं जा आणि स्वतः बघा. खाटांवर रुग्ण आहेत का? प्रसूती विभाग चालतो का? तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी त्यांच्या शिक्षकांच्या माघारी बोला. आठवड्यातून किती दिवस वॉर्डात जाता, एवढंच विचारा. मुली खोटं बोलत नाहीत.

चौथा प्रश्न, राहणं आणि पैसा. वसतिगृहाच्या खोल्या बघा, रात्रपाळीहून मुली परत कशा येतात ते विचारा. खासगी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेव्हा ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा. 2024 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी आणि प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईनं जागा घेतली की ही सवलत हातची जाते. म्हणून बारावीचं वर्ष सुरू असतानाच राज्याच्या सीईटी कक्षाच्या सूचना पाहायची सवय लावा. आमच्याकडं बऱ्याच मुलींची संधी अर्जाची तारीख न कळल्यामुळंच हुकते. इथं शिक्षकांचं काम आहे, ते पालकांवर ढकलू नये. शिवाय मूळ कागदपत्रं संस्थेत जमा केली तर त्याची पोच घ्या.

आणि या चारांच्या आधी एक प्रश्न मुलीला विचारा. तुला हे काम करायचं आहे का? रक्त, जखम, रात्रीचं जागरण, चिडलेले नातेवाईक हे सगळं असतं. लगेच नोकरी लागते म्हणून ढकललेली मुलगी वॉर्डात टिकत नाही. पण जिला मनापासून करायचं आहे तिला लोक काय म्हणतील म्हणून अडवू नका. ते अडवणं रमाबाईंच्या काळातच जुनं झालं होतं.

वर्गासाठी

शिक्षकांनो, हा पाठ आठवी ते बारावीपर्यंत कुठंही घेता येईल. मुलांना हे प्रश्न द्या.

1. नकाशावर देवराष्ट्रे शोधा. यमुनेच्या जन्माच्या वेळी हे गाव कोणत्या जिल्ह्यात होतं आणि आज कोणत्या?
2. शिकताना रमाबाईंना घरात कोणत्या अडचणी आल्या? तुमच्या आजीच्या शिक्षणाची हकिकत विचारून दोन्हींची तुलना करा.
3. परिचारिकेच्या कामाला त्या काळी लोक हलकं का मानत? आज त्यांतलं काय बदललं आणि काय बदललं नाही?
4. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना वर्गात बोलवा. त्यांनी कोणता अभ्यासक्रम केला, तो कुठं केला आणि त्यांची नोंदणी कशी झाली ते विचारून लिहा.
5. नर्सिंग संस्थेचं एखादं माहितीपत्रक घ्या. त्यात काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही, अशा दोन याद्या करा.

हा पाचवा प्रश्न मी आता दरवर्षी बारावीच्या वर्गात घेते. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं दुसऱ्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, नोंदणीचा क्रमांक कोण देणार ते लिहिलेलं नाही. तिची वही मी दोनदा वाचली. जो प्रश्न मला त्या दिवशी विचारता आला नव्हता, तो तिनं विचारला होता.